अवांतर वाचन आणि नागमोडी रेघ

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या बाई तरुण स्थापत्य अभियंता आहेत आणि पुण्यात इमारतींच्या पायाचे आराखडे करणाऱ्या एका कार्यालयात नोकरी करतात. गेली चार-पाच वर्षे त्या मराठ्यांचा इतिहास, पक्षी, संगीत, अर्थशास्त्र, वैद्यक असे हाताला लागेल ते वाचत आल्या आहेत. एका बैठकीत त्यांनी पेशवेकालीन पाणीपुरवठ्याचा उल्लेख केला, तेव्हा वरिष्ठांनी त्यांना "एक ना धड, भाराभर चिंध्या" असे सर्वांसमोर ऐकवले. आता त्यांना तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत: अशा वाचनातून खरोखर पदरात काय पडते, ते उथळ राहू नये म्हणून काय करावे, आणि रोजच्या कामात त्याचा उपयोग होतो की ती केवळ मनाची समजूत असते.

मी भूजलशास्त्राचा माणूस आहे. विहिरींच्या व विंधन विहिरींच्या जागा सुचवणे, आटलेल्या विहिरींची कारणे शोधणे आणि त्यांवर अहवाल लिहिणे हे काम मी पस्तीस वर्षे पुणे जिल्ह्यात आणि आसपास केले. वाचन मात्र पहिल्यापासून चौफेर, किंबहुना बेशिस्त होते. म्हणून एका विषयावर पोट भरून आयुष्यभर दुसऱ्यांच्या विषयांत डोकावत राहिलेल्या माणसाचे म्हणून हे उत्तर वाचावे.

आधी निष्कर्ष सांगतो. चौफेर वाचनाने दृष्टी विशाल होते, व्यक्तिमत्त्व घडते वगैरे जे सांगितले जाते, त्यावर माझा फारसा विश्वास नाही. माझ्या ओळखीच्या बहुश्रुत माणसांपैकी काही जण अतिशय कोत्या मनाचे आहेत. माहितीही फारशी टिकत नाही. मी एके काळी हौसेने वाचलेल्या नाणेशास्त्रातली दहा वाक्येसुद्धा आज मला धड सांगता येणार नाहीत. टिकते ते वेगळेच. प्रत्येक विषयातील माणसे कशाला पुरावा मानतात, कोणत्या पुराव्यावर किती भार टाकतात आणि खात्री नसेल तेथे ते कशा प्रकारे कबूल करतात, याची त्या त्या विषयाची एक रीत असते. ती एकदा समजली की विसरता येत नाही, आणि मग आपल्या विषयाची जी रीत आपण इतकी वर्षे न पाहताच पाळत आलेलो असतो, ती प्रथमच बाहेरून दिसते. माझ्या हाती लागले ते एवढेच, पण त्याने माझे काम बदलले.

ते कसे, हे सांगण्यासाठी मला महाभारताकडे जावे लागेल. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका पावसाळ्यात क्षेत्रकाम बंद होते आणि मी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या ग्रंथालयात जाऊन बसू लागलो. कारण साधे होते: घर जवळ होते आणि तेथे शांतता होती. तेथे एक दिवस महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे आदिपर्व उघडले. संस्कृत मला शाळेपुरते येत होते, त्यामुळे श्लोकांपेक्षा पानाच्या मांडणीकडेच लक्ष गेले. वर मोजका मूळ पाठ. खाली, कित्येकदा त्याहून अधिक जागा व्यापणारी, पाठभेदांची बारीक अक्षरांतली नोंद. आणि मूळ पाठातल्या काही अक्षरांखाली नागमोडी रेघ.

हे काम १९१९ साली सुरू झाले आणि १९६६ साली पूर्ण झाले; १,२५९ हस्तलिखिते तपासून १९ खंड तयार झाले. १९२५पासून प्रमुख संपादक असलेले विष्णु सीताराम सुखटणकर हे केंब्रिजला गणित शिकलेले आणि नंतर बर्लिनला जाऊन संस्कृत विद्येकडे वळलेले गृहस्थ होते. त्यांच्यापुढचा प्रश्न असा होता. काश्मीरपासून केरळपर्यंत शारदा, देवनागरी, बंगाली, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा नाना लिप्यांत पोथ्या आहेत. प्रत्येक पोथी आधीच्या एखाद्या पोथीवरून उतरवलेली, उतरवताना चुका झालेली आणि पदरची भरही पडलेली. अशा वेळी बहुमताने पाठ ठरवता येत नाही, कारण एकाच पोथीच्या शंभर नकला असतील तर ती शंभर मते नसतात, एकच मत असते. म्हणून आधी पोथ्यांची घराणी लावायची, कोणती पोथी कोणापासून निघाली हे त्यांच्या समान चुकांवरून ओळखायचे, आणि एकमेकींशी संबंध न आलेल्या दोन घराण्यांत एकच पाठ सापडला तर त्याला वजन द्यायचे. एवढे करूनही जेथे खात्री होत नाही तेथे संपादकाने त्यातल्या त्यात योग्य वाटणारा पाठ छापायचा, पण त्याखाली नागमोडी रेघ ओढायची.

ती रेघ मला ओळखीची वाटली. आमच्या भूशास्त्रीय नकाशावर दोन खडकांमधली सीमा उघड्यावर प्रत्यक्ष दिसते तेथे अखंड रेघ असते, आणि मातीखाली ती अंदाजाने ओढलेली असते तेथे तुटक रेघ. एकमेकांशी काहीही देणेघेणे नसलेल्या दोन विषयांनी, एकाने ताडपत्रांवर आणि दुसऱ्याने डोंगरउतारांवर, तोच प्रामाणिकपणा पाळण्याची सोय करून ठेवली होती. पण मग मला माझे अहवाल आठवले. त्यांत अशी कोणतीच रेघ नव्हती. "गट क्रमांक अमुक, पश्चिमेच्या बांधापासून इतक्या अंतरावर, इतक्या खोलीपर्यंत विंधन विहीर घ्यावी" असे मी बेधडक लिहीत होतो. नकाशा काढताना पाळलेली रीत वाक्य लिहिताना सोडून देत होतो, कारण वाचणाऱ्या अधिकाऱ्याला हो किंवा नाही हवे असे आणि शेतकऱ्याला त्या कागदावर कर्ज काढायचे असे.

त्या वर्षापासून मी शिफारशींची प्रतवारी लिहू लागलो. शेजारच्या विहिरीत उतरून खडकाचे थर डोळ्यांनी पाहिले असतील तर ती पहिली प्रत. केवळ विद्युत रोधकतेच्या, म्हणजे जमीन वीज किती अडवते याच्या, मोजणीवर भिस्त असेल तर दुसरी. आणि दोन पुरावे एकमेकांविरुद्ध जात असतील आणि मी आपला अनुभवाने काही ठरवत असेन तर तिसरी, जी घ्यायची की नाही हे शेतकऱ्याने आपली ऐपत पाहून ठरवायचे. वरिष्ठांना हे मुळीच आवडले नाही. त्यांतल्या एकांनी विचारले, "तुम्हांला पगार काय अंदाज करण्याचा मिळतो?" खरे तर तोच मिळत होता.

बहुमताबद्दलचा धडा आणखी काही वर्षांनी कामी आला. ओढ्याच्या एका काठाला पाणी लागत नाही, असे एका गावातली सात-आठ वडीलधारी माणसे ठामपणे सांगत होती. इतके जण सांगतात म्हणजे काहीतरी असणारच, असे मीही धरून चाललो होतो. एकेकाला निवांत विचारत गेलो तेव्हा कळले की सर्वांच्या सांगण्याचे मूळ एकच होते: फार पूर्वी कोणा पाणाड्याने तसे म्हटले होते. पोथ्या सात-आठ, घराणे एक.

पाणाड्यांचा विषय निघालाच आहे तर वैद्यकाने मला काय शिकवले तेही सांगतो. तळहातावर आडवा ठेवलेला नारळ उभा राहतो तेथे पाणी, किंवा दोन फाट्यांची ओली फांदी खाली झुकते तेथे पाणी, हे प्रकार ग्रामीण भागात आजही चालतात. तरुणपणी मी त्यांची यथेच्छ थट्टा करत असे. एका डॉक्टर मित्राकडे नवीन औषधांच्या चाचण्या कशा घेतात यावरचे पाठ्यपुस्तक चाळायला मिळाले आणि थट्टेला शास्त्राची जोड मिळाली. त्यातली कल्पना साधी आहे. औषध घेतल्यावर रोगी बरा झाला, एवढ्याने औषध लागू पडले असे ठरत नाही. औषध न घेता किती रोगी बरे झाले असते हेही कळावे लागते, आणि कोणाला औषध द्यायचे हे डॉक्टरच्या मर्जीवर सोडता येत नाही. ब्रिटनमध्ये क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिनची जी चाचणी १९४८ साली प्रसिद्ध झाली, तिच्यात कोणत्या रोग्याला औषध द्यायचे हे बंद लिफाफ्यांतून ठरवले होते, आणि छातीची क्ष-किरण चित्रे तपासणाऱ्यांना कोणाला काय मिळाले हे सांगितलेले नव्हते.

हा निकष मी लगेच पाणाड्यांना लावला. आपल्याकडच्या खडकात, बरा पाऊस झालेल्या वर्षी, सखल जागी कोठेही भोक पाडले तरी थोडेफार पाणी लागण्याचा संभव असतो. मग यश फांदीचे की सखल जागेचे? प्रश्न बिनतोड होता आणि मी खूश होतो. ती खुशी एक रात्र टिकली. सकाळी चहा घेताना ध्यानात आले की हा प्रश्न जसाच्या तसा मलाही लागू आहे. माझ्या डायरीत यशस्वी जागांचा हिशेब मोठ्या अभिमानाने लिहिलेला होता. पण कोणालाही न विचारता, गोठ्याजवळ किंवा विजेच्या खांबाजवळ सोयीने पाडलेल्या भोकांचे काय झाले, याची एकही नोंद माझ्याकडे नव्हती. पुढे ती नोंद ठेवत गेलो. ओढ्याकाठच्या सखल पट्ट्यात माझ्या जागा आणि सोयीच्या जागा यांतला फरक मी समजत होतो त्यापेक्षा पुष्कळच कमी निघाला. खरा फरक उंच माळांवर पडत होता, जेथे वर मुरूम, मग मांजऱ्या खडक आणि खाली एकसंध काळा पाषाण असतो आणि चूक महागात पडते. तेव्हापासून मी माझा वेळ माळांवर घालू लागलो. हे भूजलशास्त्राच्या पुस्तकात मला कोठे भेटले नव्हते, कारण आमच्या विषयात अपयशी भोकावर कोणी प्रबंध लिहीत नाही.

जाता जाता एक गोष्ट. वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेत भूमिगत पाण्यावर एक अख्खा अध्याय लिहिला आहे. जांभळाच्या पूर्वेला जवळच वारूळ असेल तर त्या झाडाच्या दक्षिणेस दोन पुरुष (माणसाच्या उंचीवरून घेतलेले माप) खोलीवर गोडे पाणी लागते, असे त्यात सांगितले आहे. हा अध्याय आमच्याकडे एक तर हात जोडून वाचला जातो नाही तर नाक मुरडून. थोडे वनस्पतिशास्त्र आणि थोडे कीटकशास्त्र वाचलेल्या माणसाला त्यात वेगळे काही दिसते: जांभूळ ओल टिकणाऱ्या जागी जोमाने वाढते, वाळवीला ओल लागते, म्हणजे निरीक्षणाचा गाभा समजण्यासारखा आहे, "दक्षिणेस" आणि "दोन पुरुष" यांना मात्र नागमोडी रेघ हवी होती.

इतिहास वाचून मी शेतांची नावे टिपायला शिकलो. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून कागदांची दप्तरे गोळा करत आणि गावांच्या नावांतून इतिहास शोधत, हे वाचून मलाही वाटले की सातबाऱ्यावर नसलेली पण तोंडी चालत आलेली शेतांची नावे पाण्याबद्दल काही सांगत असतील. आणि सांगतात. झऱ्याचे, उंबराचे, पाणथळीचे अशा नावांच्या शिवारात मला काही चांगल्या जागा मिळाल्या. (शहरातून आलेल्या एका उमेदवाराने पाणंदीचे शेतही पाण्याच्या यादीत घातले होते. पाणंद म्हणजे दोन बांधांमधली वाट, हे त्याला गाडीवानाने सांगितले.) पण एकदा पुरंदरच्या पायथ्याच्या एका गावी उंबराच्या झऱ्यावर विसंबून सुचवलेली जागा पार कोरडी गेली. भोकातून नुसती धूळ उडत राहिली आणि त्या शेतकऱ्याच्या तोंडाकडे पाहवेना. इतिहासाचा मी अर्धाच धडा घेतला होता. कागद हाती आल्यावर इतिहासकार पहिला प्रश्न विचारतो तो असा, की हा कागद केव्हाचा? शेताचे नाव हाही कागदच असतो. वरच्या अंगाला खोल विहिरी झाल्या, झरा आटला, उंबर तुटला, नाव तेवढे राहिले. दुसऱ्या विषयाची रीत अर्धी उचलणे हे ती मुळीच न उचलण्यापेक्षा वाईट, कारण तिच्यामुळे उगाच धीर येतो.

वेगवेगळ्या विषयांच्या रीती एकमेकींशी झगडताना पाहायच्या असतील तर पुणेकराला लांब जायला नको. जिल्ह्याच्या उत्तर भागात कुकडी नदीकाठी बोरी नावाचे गाव आहे. तेथे नदीच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडला आणि त्याच्या सान्निध्यात अश्मयुगीन हातकुऱ्हाडी. राखेचे वय कळले तर हत्यारांच्या वयाचा अंदाज येणार, म्हणून पुरातत्त्वज्ञ उत्सुक होते. पोटॅशियमचा एक किरणोत्सारी प्रकार कालांतराने आरगॉन वायूत बदलतो, या तत्त्वावर पहिले वय आले सुमारे १४ लाख वर्षे. पुढे त्याच पद्धतीच्या सुधारलेल्या रूपाने ते पावणेसात लाखांच्या आसपास आले. मग दुसऱ्या गटाने राखेतल्या काचकणांची रासायनिक घडण तपासली आणि ती सुमात्रातील टोबा ज्वालामुखीच्या शेवटच्या महास्फोटाच्या राखेशी जुळते असे दाखवले. तो स्फोट सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीचा. राख तीच, आणि वयात जवळजवळ वीसपटीचा फरक.

मी या वादातले लेख क्रमाने वाचले, आणि भूशास्त्राच्या वर्गात मिळाले नसेल एवढे शिक्षण त्यांतून मिळाले. राख आकाशातून थेट पडून राहिली असेल तर आरगॉनचे घड्याळ विश्वासार्ह असते. पण नदीने ती वाहून आणली असेल तर तिच्यात जुन्या खडकांचे कण मिसळतात, आणि आपला काळा पाषाण तर सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा आहे, त्यामुळे चिमूटभर कणांनीही वय फुगू शकते. रसायनशास्त्रज्ञ म्हणतो, ठसा जुळला म्हणजे माणूस ओळखला. त्याला विचारावे लागते की एकाच ज्वालामुखीच्या दोन स्फोटांचे ठसे किती वेगळे असतात. पुरातत्त्वज्ञ हत्यारांच्या घडणीवरून बोलतो. पण राखेसारखी हत्यारेही वाहून येऊ शकतात. वाद दीर्घकाळ चालला. मला त्यात सर्वांत उद्बोधक वाटले ते हे की प्रत्येक जण स्वतःच्या विषयातल्या पुराव्याकडे संशयाने पाहत होता आणि शेजारच्या विषयातला आकडा मात्र पक्का धरून चालत होता. तुम्ही नवीन विषयात शिरताना पाठ्यपुस्तक जरूर वाचा, पण त्या विषयातला एखादा खराखुरा वादही पूर्ण वाचा. पाठ्यपुस्तकात निकाल असतो. साक्षीपुरावे वादात दिसतात.

आता उथळपणाकडे येतो. वरिष्ठांची म्हण सर्वस्वी चुकीची नाही. पुण्यात बहुश्रुतपणाचा दाखला द्यायचा झाला की दामोदर धर्मानंद कोसंबींचे (१९०७–१९६६) नाव घेतात. गणिताचे प्राध्यापक, आधी फर्ग्युसन महाविद्यालयात, मग मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, त्यासाठी पुण्याहून डेक्कन क्वीनने ये-जा. १९४४ साली जनुकांमधील अंतर काढण्याचे एक सूत्र, जे आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते. १९४८ साली भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती. १९५६ साली भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरचे गाजलेले पुस्तक. शिवाय पुण्याभोवतीच्या टेकड्यांवरून वेचलेली अश्मयुगीन सूक्ष्म हत्यारे. ही यादी वाचून लोक थक्क होतात आणि चुकीचा धडा घेतात. नाण्यांचे उदाहरण पाहा. नाणे हातोहात फिरताना झिजते. एकाच वेळी पाडलेल्या नाण्यांचे सरासरी वजन हळूहळू कमी होते आणि त्यांच्या वजनांतला आपापसांतला फरक वाढत जातो. म्हणून एकाच संचातल्या आहत, म्हणजे ठोकून चिन्हे उमटवलेल्या प्राचीन, नाण्यांचे गट काळजीपूर्वक तोलले तर कोणते अधिक काळ चलनात होते याचा क्रम लावता येतो. कोसंबींनी त्याकरिता चालू जमान्यातली नाणीसुद्धा तोलून पाहिली. नाण्यांचे अभ्यासक त्यांवरची चिन्हे वाचत होते. गणिती तराजू घेऊन बसला. येथे त्यांनी आपली रीत परक्या विषयात नेली. भर्तृहरीच्या वेळी उलट केले: शेकडो हस्तलिखिते जमवून पाठचिकित्सेची रीत मुळापासून पाळली. उथळ वाचक यांतले काहीच करत नाही. तो दुसऱ्या विषयाचे निष्कर्ष तेवढे उचलतो आणि आपल्या बोलण्यात टाचतो.

निष्कर्ष उचलण्याचा धोका थोरांनाही चुकलेला नाही. लोकमान्य टिळकांनी १८९३च्या ओरायनमध्ये, वसंतसंपात (वसंतात दिवस-रात्र समान होतात तेव्हाची सूर्याची जागा) मृगशीर्षात असल्याच्या खुणा वैदिक वाङ्मयात शोधून, ती जागा ताऱ्यांमधून हळूहळू सरकते त्या संपातचलनाच्या गणिताने काळ काढला. ते गणित त्यांचे स्वतःच्या हातचे होते, आणि कोणाला निष्कर्ष पटो न पटो, प्रत्येक पायरी तपासून पाहता येते. १९०३च्या आर्क्टिक होममध्ये मात्र हिमयुग कधी संपले आणि त्याआधी ध्रुवाकडची हवा कशी होती, यांबद्दल त्यांनी तत्कालीन भूशास्त्रज्ञांचे म्हणणे आधाराला घेतले. त्यांनी ते प्रामाणिकपणे आणि बारकाईने वाचले होते, यात शंका नाही. पण भूशास्त्र पुढे सरकले आणि वैदिक आर्य मूळचे ध्रुवाकडचे, ही त्यावर उभारलेली मांडणी अधांतरी राहिली. तुम्ही पायाचे काम करता, तेव्हा दुसऱ्याच्या भरावावर इमारत चढवणे म्हणजे काय हे मी सांगायला नको.

म्हणून माझा आग्रह असा की एक विषय तरी तळापर्यंत गेलेला असावा. तुमच्या बाबतीत तो आहेच. ज्याला एका विषयात पुरावा कमावायला किती कष्ट पडतात हे ठाऊक आहे, त्यालाच दुसऱ्याच्या पुराव्याची किंमत कळते. कसे वाचावे, याबद्दल थोडेच सांगतो, कारण प्रत्येकाची तऱ्हा निराळी असते. अनोळखी विषयाची तोंडओळख मी मराठी विश्वकोशातून करून घेतो. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली वाईला सुरू झालेला तो प्रकल्प आता संगणकावर फुकट वाचता येतो, आणि जुन्या नोंदींची भाषा थोडी जड असली तरी त्या नेटक्या आहेत. मग पदवीच्या पहिल्या वर्षाचे एखादे पाठ्यपुस्तक, ज्यातली प्रकरणाअखेरची उदाहरणे निदान पाच तरी सोडवायची. अप्पा बळवंत चौकात ती जुनी, निम्म्या किमतीत मिळतात. त्यानंतर एखादा वाद. आणि वहीत मी फक्त एकाच प्रश्नाचे उत्तर लिहितो: हे लोक कशावरून म्हणतात? उत्तर लिहिता आले नाही तर पुस्तक वाचून झालेले नसते, मग ते कितीही रंगले असो. वर्षाला दोन नवे विषय पुष्कळ झाले. आवडीने चाळायची पुस्तके याखेरीज वेगळी; त्यांचा हिशेब ठेवू नये.

राहिला तुमच्या कामाचा प्रश्न, आणि येथे मला तुमच्या वरिष्ठांचे नवल वाटते. पेशवेकालीन पाण्याचा उल्लेख पायाच्या बैठकीत अवांतर कसा ठरला? आंबील ओढा आज वाहतो त्या जागी पूर्वी नव्हता. नानासाहेब पेशव्यांच्या काळात त्याचा प्रवाह वळवला गेला आणि पर्वतीजवळ तळे झाले, ज्याच्या जागी आज सारसबाग आहे. कात्रजहून शहरात आणलेला नळ, त्यावरचे उच्छ्वास (हवेसाठी ठेवलेली उघडी तोंडे), पेठांतले हौद, वाड्यांतल्या बुजवलेल्या विहिरी हे सगळे जुन्या पुण्याच्या जमिनीखाली कोठे ना कोठे आहे. अशा भागात एखाद्या भूखंडावर तुम्ही दोन-तीन भोके घेता. त्यांत मुरूम आणि खाली पाषाण लागतो, आणि त्यांच्या मधोमध जुन्या ओढ्याचा मऊ गाळ किंवा राडारोड्याने भरलेली विहीर असू शकते, जी भोकांना सापडत नाही पण जुन्या नकाशात किंवा एखाद्या घराण्याच्या कागदांत सापडते. म्हणून पेठांतले काम असेल तेव्हा भोकांच्या जागा ठरवण्याआधी एक दिवस भारत इतिहास संशोधक मंडळात किंवा जुने नकाशे मिळतील अशा ग्रंथालयात काढावा. सापडलेल्या नकाशाला त्याची तारीख विचारावी, माझ्यासारखी उंबराच्या झऱ्याची चूक करू नये, आणि संशयाच्या जागी एक भोक जास्त मागून घ्यावे. वरिष्ठांशी वाद घालण्यापेक्षा त्या एका भोकाचा खर्च मंजूर करून घेणे सोपे जाईल असे मला वाटते.

त्याच वेळी तुमच्या कार्यालयातल्या भूस्तरांच्या जुन्या आकृत्या काढून पाहा. एका भोकातला मुरुमाचा तळ आणि दुसऱ्या भोकातला मुरुमाचा तळ जोडणारी जी रेघ असते, तिच्या मधल्या पंधरा-वीस मीटरांत प्रत्यक्ष कोणीच पाहिलेले नसते. ती रेघ अखंड काढली आहे की तुटक, आणि अखंड असेल तर ती कोणी व कशावरून काढली, एवढे आराखडा करणाऱ्यालाच विचारा.